तुझे स्पीकर अजून का गेले नाहीत

ती. दादा,

सा. न. वि. वि. (‘तीर्थरूप’ म्हणावं इतका तू मोठा नाहीस, फक्त तीन वर्षं चार महिने. पण नुसतं ‘प्रिय’ लिहिलं तर हिला काहीतरी मागायचं आहे असं तुला वाटेल, म्हणून ‘ती.’ ठेवलं आहे.) इकडे सगळे ठीक. आईचा गुडघा जिना उतरताना दुखतो, चढताना दुखत नाही, त्यामुळे ती वर आली की लवकर खाली जात नाही. बाबांचा रक्तदाब मी घेतला तर एकशे अडतीस भरतो आणि शेजारच्या काकांनी घेतला तर एकशे सव्वीस, म्हणजे दोष यंत्रात नसून माझ्यात आहे असं बाबांचं मत आहे. तुझी तब्येत कशी आहे ते कळत नाही, कारण तू फोनवर ‘मस्त’ म्हणतोस, आणि ‘मस्त’ हे कशाचंच माप नाही. वजन कळवलंस तर बरं.

पत्र लिहिण्याचं कारण तुझा तीन आठवड्यांपूर्वीचा निरोप. तू लिहिलं होतंस, ‘इकडेच कायमचं राहायचं जवळपास ठरलंय. महिनाअखेरीला घराच्या कागदांवर सही करतो. माझे स्पीकर विकून टाक, खोली मोकळी होईल. बाहेरून जरा खराब दिसतात, त्याने किती फरक पडतो ते बघ आणि सविस्तर कळव.’ यातल्या पहिल्या दोन वाक्यांवर मला काही म्हणायचं नाही. (आईला म्हणायचं आहे, पण ती ते तुला सांगत नाही, मला सांगते. तिचं म्हणणं असं की स्पीकर गेले की त्या खोलीत तुझं म्हणून काही उरत नाही, आणि मग तिला ‘दादाची खोली’ म्हणायचं कशाच्या जोरावर. मी म्हटलं, खोलीचं नाव सामानावर अवलंबून नसतं. ती म्हणाली, मग कशावर असतं?) उरलेल्या दोन वाक्यांचा हा अहवाल. स्पीकर विकले गेलेले नाहीत. तू सविस्तर म्हणालास, म्हणून आता सविस्तर.

आधी तुझ्या प्रश्नाचं उत्तर देते, म्हणजे पुढचं वाचायचा कंटाळा आला तरी काम होईल. जुना स्पीकर घेताना त्याच्या दिसण्याला किती महत्त्व द्यावं? माझ्या मते, दिसण्याला नाही, दिसण्यातून जे कळतं त्याला द्यावं. लाकडाच्या पाठीवर ओरखडा असेल तर त्याचा आवाजाशी काही संबंध नाही, तो फक्त ओरखडा आहे. पण खोक्याचा कोपरा चेपलेला असेल तर ते खोकं कधीतरी उंचावरून पडलं आहे, आणि पडलेल्या स्पीकरचं आतलं चुंबक जागचं हललेलं असू शकतं. तळाचं लाकूड फुगलेलं असेल तर पाण्यात उभं राहिलेलं आहे. स्क्रूची डोकी खाल्लेली असतील तर कुणीतरी हौशी माणूस आत जाऊन आलेला आहे, आणि हौशी माणूस आत काय करून येतो ते देवालाही सांगता येत नाही. मोठ्या पडद्याभोवतीची फोमची कड बोट लावल्यावर भुरभुरली तर तो स्पीकर म्हातारा झाला. एवढं बघावं. बाकी चरे, डाग, उडालेला रंग यांच्याकडे बघून भाव पाडून घ्यावा आणि घरी नेऊन जाळी लावावी. तुझे दोन्ही स्पीकर या परीक्षेत उत्तम उतरतात. मी कारखान्यातला माइक घरी आणून ते मोजले. (परवानगी काढून आणला. दिवसभर पंपांचा आवाज मोजणाऱ्या माइकला एक रविवार बरं काही ऐकायला मिळालं.) दोघांच्या आवाजात एक डेसिबलचाही फरक नाही. बारा वर्षांच्या जोडीत इतकी एकवाक्यता माणसांतसुद्धा आढळत नाही, घरातली उदाहरणं देत नाही.

तेव्हा माल चोख होता आणि तो विकणं सोपं होतं. इथेच माझी पहिली चूक झाली. जाहिरातीत सगळे फोटो टाकतात आणि खाली लिहितात ‘वापराच्या किरकोळ खुणा’. किरकोळ म्हणजे किती? खुणा म्हणजे कोणत्या? माणूस लांबून येतो, बघतो, तोंड वाकडं करतो, जातो. त्यापेक्षा सगळं आधीच सांगितलेलं काय वाईट, म्हणून मी दिवाणखान्यातला उभा दिवा आडवा धरून दोन्ही स्पीकर सर्व बाजूंनी तपासले आणि एक तक्ता केला: क्रमांक, जागा, लांबी, खोली, कारण. एकूण चाळीस खुणा भरल्या. तक्ता जाहिरातीला जोडला. कारखान्यात आमच्या साहेबांनी तो पाहिला आणि विचारलं, ही विकायची जाहिरात आहे की शवविच्छेदनाचा अहवाल? मी म्हटलं, खरेदीदाराची फसवणूक होऊ नये म्हणून आहे. ते म्हणाले, फसवणूक कशी होईल, खरेदीच होणार नाही.

खरी अडचण शेवटच्या रकान्याची होती. लांबी-खोली मोजता येते, पण कारण लिहायचं म्हटलं की आठवावं लागतं. क्रमांक तीन, उजव्या स्पीकरचा माथा, कपाच्या बुडाचं वर्तुळ, व्यास सात सेंटीमीटर: तुझा निकाल लागला त्या दिवशी बाबांनी गरम कप तिथे ठेवला आणि पेढे आणायला म्हणून गेले ते तासाभराने आले. क्रमांक अकरा, डाव्याची मागची कड, नऊ सेंटीमीटर: घर बदलताना जिन्यात तुला शिंक आली. क्रमांक सोळा ते बावीस, उजव्याची आतली बाजू, सात समांतर रेघा, कर्कटकाने ओढलेल्या. तू शिकवण्या करून पैसे जमवून ही जोडी आणलीस आणि पहिल्याच आठवड्यात मला खोलीबाहेर काढून दार लावलंस, त्याच्या दुसऱ्या दिवशीच्या. (त्या मी ओढल्या, हे तुला बारा वर्षं माहीत आहे असं मी गृहीत धरते. दोन रेघांमधलं अंतर सगळीकडे चार मिलिमीटर आहे. राग आला होता, पण मोजपट्टी जवळ होती.) क्रमांक एकतीसपाशी मी अडले. डाव्याच्या माथ्यावर चार बारीक खळगे आहेत, चौकोनात. कारण सापडेना. शेवटी आईने सांगितलं की तू गेल्यावर पहिले सहा महिने तिने तिथे तुझा फोटो उभा करून ठेवला होता, त्या स्टँडचे पाय. फोटो तिने नंतर काढला, कारण फोटो ठेवल्यावर लोक वेगळंच विचारायला लागले. मी रकान्यात ‘फोटोचं स्टँड’ एवढंच लिहिलं.

बाबांनी जाहिरात वाचली आणि दोन दिवस माझ्याशी कामापुरतं बोलले. त्यांच्या मते घरातली भांडणं मी दोरीवर वाळत घातली होती. मी ‘कारण’ हा रकाना काढून टाकला. पण तेवढ्यात पहिलं गिऱ्हाईक ती जाहिरात वाचून आलं होतं.

हे गृहस्थ घड्याळं दुरुस्त करतात. डोळ्यात बसवायचं भिंग त्यांनी खिशातून काढलं, माझ्या तक्त्याची छापील प्रत मागितली (तीही तयार होती) आणि जमिनीवर मांडी घालून क्रमांक एकपासून सुरुवात केली. एक तास वीस मिनिटं ते तपासत होते. प्रत्येक खुणेपुढे पेन्सिलीने टिक करत होते. मी तीनदा म्हटलं, लावून दाखवू का? तिन्ही वेळा ते भिंगातूनच म्हणाले, “वाजतात हो, वाजणारच. वाजायला काय झालंय त्यांना?” चाळीस टिका झाल्यावर मला वाटलं आता व्यवहार होणार. तर ते डाव्या स्पीकरच्या तळाशी आडवे झाले आणि म्हणाले, “ताई, इथे एक आहे, तुमच्या यादीत नाही.” खरोखरच एक ओरखडा होता. सहा मिलिमीटर, तळाच्या कडेला. मी तो पाहिलाच नव्हता. त्यांनी भिंग काढलं, रुमालात गुंडाळलं आणि फार समजुतीने मला सांगितलं की यादी असती-नसती तर प्रश्न नव्हता, पण यादी आहे आणि तीत एक नाही म्हटल्यावर आणखी काय काय नसेल असं मनात येतं. ते गेले. मी रात्री जेवायच्या आधी एक्केचाळीसवा क्रमांक तक्त्यात घातला. तुला हसू येईल, पण मला त्या माणसाचं पटलं आणि तेच जास्त लागलं.

मधल्या दिवसांत मला एका जागी बसवेना. याचं कारण मी शोधलेलं नाही. जेवताना मी उठून तुझ्या खोलीत जाऊन यायची, स्पीकरची जागा दोन सेंटीमीटर बदलायची, परत यायची. आई म्हणाली, बस की गं जरा, पायाला भिंगरी लागल्यासारखी काय करतेस. मी म्हटलं, गिऱ्हाईक आल्यावर आवाज भिंतीवर आपटून घुमायला नको. ती म्हणाली, गिऱ्हाईक ऐकतोय कुठे. तेही खरंच. (हे पत्र लिहितानाही मी तीनदा उठले. दुसऱ्यांदा कशासाठी उठले ते आठवत नाही.)

दुसरं गिऱ्हाईक म्हणजे एक नवराबायको. नवं घर, नवा सोफा. नवरा आत आला तो थेट खुर्चीत बसला आणि त्याने डोळे मिटले. बायकोने पर्समधून सोफ्याच्या कापडाचा तुकडा काढला, फिकट बदामी, आणि तो रंग जुळतो का हे पाहायला स्पीकरच्या अंगावर धरला. आता मला न सांगता घडलेली गोष्ट ऐक. घड्याळवाले गेल्यावर बाबांनी माझी यादी मनावर घेतली होती आणि मी कामावर असताना, एक्केचाळीसच्या एक्केचाळीस खुणांना बुटाचं तपकिरी पॉलिश लावून ठेवलं होतं. लांबून फार छान दिसत होतं, मलाही सकाळपासून प्रकाशाचा परिणाम वाटत होता. बाईंनी कापड उचललं तर त्यावर कर्कटकाच्या सात रेघा उमटलेल्या, समांतर. त्या म्हणाल्या, “हे काय?” बाबा दारातून म्हणाले, “जुन्या लाकडाला तेल सुटतं.” मी म्हटलं, “बुटाचं पॉलिश आहे.” आम्ही दोघं एकाच क्षणी बोललो.

तरीही बाई चांगल्या होत्या, हसल्या. त्यांना स्पीकर आवडलेही, पण एकच. त्यांच्या दिवाणखान्यात एकच कोपरा रिकामा होता आणि दुसरीकडे झाडाची कुंडी होती. मी समजावून सांगितलं की ही जोडी आहे, एका बाजूला सतार आणि दुसऱ्या बाजूला तबला असेल तर तुम्हाला नुसती सतार मिळेल. नवऱ्याने डोळे मिटूनच मान हलवली. बाई म्हणाल्या, “मग तबल्याचा कोणता? तोच द्या, याला ताल आवडतो.” इतक्यात आई त्यांच्यासाठी पाणी घेऊन आली आणि दोघींची गाडी धुळीवर गेली. आईने सांगितलं की जाळीत धूळ बसते, रोज पुसावी लागते, माथ्यावर काही ठेवलं की डाग पडतात, आणि हे असं काही घरात असलं की माणूस दार लावून आत बसतो आणि मग एक दिवस निघूनच जातो. बाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने डोळे उघडले. ते गेले. मी आईला म्हटलं, तू विकायला मदत करते आहेस की अडवायला? ती म्हणाली, मी फक्त धुळीचं बोलत होते.

पॉलिश निघायला दोन संध्याकाळ लागल्या. (चमचाभर स्पिरिटमध्ये बुडवलेला मऊ फडका, लाकडाच्या रेषेच्या दिशेने. तुझ्याकडे कधी वेळ आली तर लक्षात ठेव.) बाबा शेजारी स्टूल घेऊन बसले होते. पुसताना क्रमांक तीनचं वर्तुळ पुन्हा दिसायला लागलं, तेव्हा म्हणाले, “पेढेवाल्याकडे रांग नव्हती त्या दिवशी. मी उगाच फिरत होतो. हा एवढे मार्क मिळवतोय म्हणजे आता हा इथे कशाला राहतोय, असं आलं मनात.” एवढं बोलून बुटाच्या पॉलिशची डबी कुठे ठेवली ते शोधायला उठले. ही माहिती तक्त्यात घालायची नाही एवढं मला आता समजतं.

तिसरा आला तो धंद्यातलाच. जुने स्पीकर घेतो, पॉलिशकागदाने घासतो, काळा चकचकीत रंग मारतो आणि दुप्पट भावाने विकतो. त्याने तुझ्या स्पीकरवर टिचकी मारली, फळी किती जाड आहे ते पाहिलं आणि खूश झाला. मी माझा आलेख पुढे केला, आवाजाच्या प्रत्येक पट्टीला किती डेसिबल ते दाखवणारा. त्याने तो आदराने पाहिला. म्हणाला, “ताई, आलेख झकास आहे, फोटोत टाका. पण कानाला कोण विचारतंय? मी फोटो विकतो.” मी विचारलं, या एक्केचाळीस खुणांचं काय कराल? तो म्हणाला, “खुणा? खुणा राहतच नाहीत ना आमच्याकडे. एक दिवसात नवा जन्म. तुमच्या दादाला रस्त्यात दिसले तरी ओळखणार नाही.” हे तो जमेची बाजू म्हणून सांगत होता. मी त्याला म्हटलं, विचार करून कळवते. त्याने जाताना जिन्यातून हाक मारून भाव वाढवला, दुसऱ्या मजल्यावरून आणखी वाढवला. तत्त्वतः माझा आक्षेप असायचं कारण नव्हतं. ओरखड्याचा आवाजाशी संबंध नाही, मग रंगाचाही नाही. मी हे स्वतःला दोनदा सांगून पाहिलं.

चौथा गेल्या गुरुवारी आला. बस चालवतो, ड्यूटी संपवून गणवेशातच आला होता. दारात बूट काढून ठेवले, माझी यादी हातात घेतली, घडी घालून परत दिली. म्हणाला, “वाचलीय मी. चाळीस का एक्केचाळीस?” मी म्हटलं एक्केचाळीस. “बरं,” म्हणाला, आणि तुझ्या खुर्चीत बसला. स्वतःची सीडी आणली होती. पन्नास मिनिटं ऐकली, पाय जमिनीवर सपाट, हात मांडीवर, जसे स्टिअरिंग सोडून ठेवले असतील तसे. मध्ये एकदा बोट वर करून म्हणाला, “ऐकलंत? तो श्वास घेतो गाण्याआधी. आमच्या घरी कधी ऐकू आला नव्हता.” दिवसभर इंजिन आणि भोंगे ऐकून ज्याचा कान शाबूत राहिलेला आहे असा माणूस मी प्रथम पाहिला. आईने त्याला चहा दिला, बाबा येऊन गाणं संपेपर्यंत दाराशी उभे राहिले. मग मी विचारलं, बाहेरून खराब आहेत, चालतील ना? तो म्हणाला, “खरचटलेले असले म्हणजे घरात राहिलेले. एकदम कोरे असते तर मी घाबरलो असतो.” माझं पानभर शास्त्र या माणसाने एका ओळीत सांगितलं.

त्या व्यवहाराचं मात्र काही कारणाने जमलं नाही. कारण तांत्रिक होतं.

तर निष्कर्ष. एक, बाहेरच्या दिसण्याने भावात निम्म्याहून जास्त फरक पडतो आणि आवाजात शून्य. दोन, जो माणूस दिसण्याकडे पाहतो त्याला तुझे स्पीकर द्यावेसे वाटत नाहीत, आणि जो पाहत नाही तो सहसा येत नाही. तीन, सध्या बाजार मंद आहे. तू महिनाअखेरीला जी काय सही करणार आहेस ती कर, स्पीकरसाठी थांबू नकोस. ते तुझ्या खोलीत आहेत, भिंतीपासून बावीस सेंटीमीटरवर. खोली अजून मोकळी झालेली नाही याबद्दल क्षमस्व.

थोरल्यांचे आशीर्वाद, माझा नमस्कार, आणि तिकडे थंडी असेल तर कान झाकून बाहेर पड. कानाला पर्यायी भाग मिळत नाही.

तुझी,
मोजपट्टी
(हे नाव तू ठेवलंस. मला ते कधी आवडलं नाही, पण सही म्हणून चालतं.)

ता. क. बाजार मंद नाही. काळा रंग मारणाऱ्याचे तीन फोन येऊन गेले. घड्याळवाल्यांचाही आला, त्यांना एक्केचाळीसवा क्रमांक यादीत घातलेला पाहून बरं वाटलं आणि ते आता घ्यायला तयार आहेत. मी दोघांनाही नाही म्हटलं.

ता. क. २. बसवाल्याबद्दल ‘तांत्रिक कारण’ लिहिलं, ते बरोबर नाही. तू सविस्तर म्हणालास म्हणून लिहिते. तो हो म्हणाला होता. भाव ठरला होता, घासाघीस केली नाही. टेम्पो बोलवायला म्हणून तो खाली गेला. मी खोलीत एकटी होते. जाळी काढलेली होती. उजव्या स्पीकरच्या मोठ्या पडद्यावर मधोमध जी गोल टोपी असते, तिच्यावर मी अंगठा ठेवला आणि दाबला. ती आत गेली. खोली सहा मिलिमीटर. हे मी का केलं याचं कारण त्या वेळी माझ्याकडे होतं: आता ही जोडी खराब झाली, आता ती कुणी घेणार नाही. हे कारण चुकीचं आहे हे मला पहिल्या पानापासून माहीत आहे. तो वर आला, पाहिलं, म्हणाला, “हे मघाशी नव्हतं.” मी म्हटलं, नव्हतं. त्याने विचारलं, “आवाजात फरक पडतो?” खोटं बोलायला तेवढाच एक क्षण होता. मी म्हटलं, नाही, ऐकू येण्यासारखा नाही. “मग चालेल,” म्हणाला. तेव्हा मला सांगावं लागलं की विकायचे नाहीत. तो रागावला नाही. बूट घालत म्हणाला, “मग जाहिरात काढून टाका ताई. माणसं लांबून येतात.” मी काढली. आई-बाबा बाहेरच्या खोलीत होते, आणि आईने त्या दिवशी संध्याकाळी तुझ्या खोलीतली धूळ दुसऱ्यांदा पुसली.

ता. क. ३. त्या टोपीचं मी नंतर माप घेतलं. फरक पाव डेसिबल, तोही अगदी वरच्या पट्टीत. म्हणजे माझं म्हणणं खरं ठरलं, आणि त्याचा मला काही उपयोग झाला नाही.

ता. क. ४. कागदांवर सही करू नको असं मी म्हणत नाही. ते तुझं तू ठरव, आणि ठरवशील ते आई-बाबांना मी नीट समजावून सांगेन. पण हे स्पीकर मला विकता येत नाहीत. मी प्रयत्न केला, चार वेळा, आणि मला जमलं नाही. विकायचेच असतील तर तू ये, तुझ्या खुर्चीत बस, आणि तोंडाने सांग की विका. त्याच दिवशी मी एका ओळीची जाहिरात देईन, यादी जोडणार नाही. सहीच्या आधी येणं झालं तर जास्त बरं. रजा किती मिळते ते आकड्यात कळव, ‘बघतो’ असं नको.

येशील का? (हे वाक्य पहिल्या ओळीत यायला हवं होतं. तिथे लिहिलं होतं, मग खोडलं.)